लिलावातलं फुलपाखरू: नर की मादी?

सुकवलेल्या फुलपाखरांच्या लिलावाच्या पानावर फोटोखाली 'मादी, ए-१' (ए-१ म्हणजे उत्तम दर्जाचा नग) एवढंच लिहिलेलं असतं आणि भाव नरापेक्षा चांगलाच चढा असतो. त्यामुळे लेबलाकडे नंतर बघू. आधी पंखातच असलेली खूण शोधायची. डिंकाने चिकटवता येणाऱ्या भागावर सगळ्यात शेवटी विश्वास ठेवायचा.

हे मॉर्फो या चकचकीत निळ्या फुलपाखरांच्या बाबतीत पटकन कळतं. पेरू देशातल्या डिडियस मॉर्फोचा नर जवळजवळ कडेपर्यंत चकचकीत निळा असतो. मादीच्या पंखाला रुंद गडद काठ असतो आणि त्यात पांढरे ठिपके. रेटेनॉर या दुसऱ्या मॉर्फोची मादी तर पिवळट-तपकिरी, नराशी नातं सांगितलं तरी पटू नये अशी. आता गोम अशी, की मॉर्फोच्या पोटातली चरबी सुटते आणि पंखात झिरपून निळा रंग काळवंडतो. म्हणून व्यापारी पोट आधीच काढून ठेवतात आणि नंतर चिकटवतात. ते पोट त्याच फुलपाखराचं असेल याची खात्री कोण देणार? 'पोट जाड आहे, म्हणजे मादी' हा युक्तिवाद तर एरवीही कच्चाच, कारण वाळल्यावर मादीचं पोटही चपटं होतं.

पोट मूळचं असेल तर टोकाचा जवळून काढलेला फोटो मागवा, बाजूने आणि खालून. नराच्या टोकाशी दोन बाजूंना झडपा असतात आणि त्यांच्या मधे उभी फट दिसते. मादीचं टोक बोथट असतं, झडपा नसतात. पार्नासियस (अपोलो गटातलं फुलपाखरू) असेल तर काम सोपं: पोटाखाली कडक पिशवीसारखं काही चिकटलेलं दिसलं, तर ती मीलन झालेली मादीच. नर ती मीलनाच्या वेळी बसवतो. मात्र पिशवी नाही म्हणून नर असं समजू नका.

मिटलेल्या पंखांचा नग पुडीत येतो, तेव्हा दिसते फक्त खालची बाजू. प्लेन टायगर या जातीला त्याने अडत नाही. मागच्या पंखाच्या मध्यभागी नराला चार काळे ठिपके असतात, मादीला तीन. चौथा ठिपका म्हणजे नराची गंधाची पिशवी. मात्र मागच्या पंखाच्या वरच्या बाजूला एकच ठळक काळा ठिपका दिसला, तर ते प्लेन टायगर नव्हेच. ती त्याची नक्कल करणारी डॅनाइड एगफ्लायची मादी. तिचा नर काळा, मोठ्या पांढऱ्या ठिपक्यांचा, त्यामुळे या जातीची जोडी वेगवेगळ्या नावांनी विकायला आलेली असू शकते. कॉमन क्रो या जातीच्या नराचा गंधपट्टा (गंध सोडणारा पट्टा) पुढच्या पंखाच्या वरच्या बाजूला असतो. मिटलेल्या नगात तो झाकला जातो, तेव्हा वरच्या बाजूचा फोटो नसेल तर बोली लावू नका.

प्रायमस बर्डविंग या मोठ्या फुलपाखरामध्ये रंगच पुरेसा आहे: नर हिरवा-काळा, मादी मोठी, तपकिरी, पांढुरक्या डागांची. इथे तपासायचे ते कागद. बर्डविंग सायटिसच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्टात आहेत, निर्यात परवाना लागतोच. भारतातल्या, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीतल्या जाती तर विकत घेणं हाच गुन्हा.

'अर्धा नर, अर्धी मादी' असा नग आला तर पंखांची मुळं भिंगाखाली बघा. तिथे डिंकाची चकाकी किंवा खवले घासलेली जागा दिसली, तर ते दोन फुलपाखरांचं जोडकाम समजा.