भंडारदरा: जोडून सुट्टी आणि सोडलेलं पाणी

(दृश्य: शेंडी गावाचा चौक. पाऊस. गाड्यांची रांग, वायपर चालू.)

पंधरा ऑगस्टला लागून शनिवार-रविवार आला की भंडारदरा धरणाजवळच्या शेंडीच्या चौकात पहिला प्रश्न खोलीचा नसतो. गाडीची काच खाली येते आणि आतून विचारणा होते, "अंब्रेला चालू आहे का?"

(दृश्य: अंब्रेला फॉल. आधी फक्त आवाज, मग समोरून पूर्ण दृश्य.)

आज चालू आहे.

धरणाच्या भिंतीतल्या मोरीतून पाणी सुटतं, खालच्या गोल कातळावर आदळतं आणि त्या कातळाचा आकार घेऊन चहूबाजूंनी उतरतं. समोरच्या पुलावर उभं राहिलेलं कोणीच कोरडं राहत नाही. छत्री उघडून फोटो काढणारे तर जास्तच भिजतात.

हा धबधबा जलसंपदा विभागाचा आहे असं म्हटलं तरी चालेल. व्हॉल्व्ह उघडला की सुरू, फिरवला की बंद. तो कधी उघडायचा हे धरणात किती पाणी आहे आणि खाली किती हवं आहे यावर ठरतं. सुट्टीच्या दिवशी तो चालू असला, तर नशीब पर्यटकांचं.

(दृश्य: भिंत, खालून वर. काळा दगड, शेवाळ, सांध्यांतून उगवलेलं गवत.)

ही भिंत नीट बघा. लोक तिच्याकडे पाठ करून सेल्फी काढतात, म्हणून सांगतो.

१९०३ मध्ये आर्थर हिल या इंजिनिअरने प्रवरेच्या खोऱ्यात ही जागा हेरली. दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ आलेले, मधून नदी. काम सुरू झालं १९१० मध्ये. भिंत दगडी बांधकामाची, ८२ मीटर उंच, लांबी ५०० मीटरच्या वर. बांधायला सोळा वर्षं लागली, त्यातच पहिलं महायुद्ध येऊन गेलं. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. धरणाला विल्सनचं नाव मिळालं, तलावाला आर्थरचं.

या भागातल्या माणसांना विचाराल, तर ती आधी राघोजी भांगरे यांचं नाव घेतील. राघोजी इथल्याच देवगावचे. सावकारांविरुद्ध आणि कंपनी सरकारविरुद्ध उठलेले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली.

(दृश्य: भिंतीला लागून उभे असलेले जाड दगडी-काँक्रीटचे टेकू. कॅमेरा सावकाश आडवा फिरतो.)

भिंतीला बाहेरून दिलेले हे टेकू मूळच्या बांधकामातले नाहीत. १९६९ मध्ये भिंतीला तडे गेले, पाणी झिरपू लागलं. त्यानंतर भिंतीला असे आधार देऊन ती मजबूत करण्यात आली. तेव्हापासून ही म्हातारी पाठीला हात लावून उभी आहे, आणि दर पावसाळ्यात पाणी अडवते आहे. जुन्या भिंतीवर ताण नको, म्हणून साठा पूर्ण आकड्याला पोचण्याआधीच धरण 'तांत्रिकदृष्ट्या भरलं' असं जाहीर होतं. पूर्ण आकडा आहे ११,०३९ दशलक्ष घनफूट. इथल्या अकोले तालुक्यात शाळकरी पोरांनाही तो पाठ असतो.

(दृश्य: घाटघर. धुकं, कोकणकड्यावरून वर येणारा वारा, पाऊस आडवा.)

हे पाणी येतं इथून. घाटघरला नगरची चेरापुंजी म्हणतात. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, चेरापुंजी तीच राहिली. कोकणातून वर चढणारे ढग या कड्याला अडतात आणि इथेच मोकळे होतात. याच जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत चांगल्या वर्षी पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. इथे तेवढा एखाद्या आठवड्यात पडून जातो.

म्हणून धरण साधारण पंधरा ऑगस्टच्या आत भरतं, अशी रीतच पडली आहे. कधी चुकते. बहुतेक वर्षी नाही. धरण भरलं की सांडव्याचे दरवाजे उचलले जातात.

(दृश्य: सांडवा. पांढरं पाणी, कठड्याला रेललेली गर्दी, मोबाइल वर केलेले हात. इथे निवेदन थांबवून पाण्याचा मूळ आवाज.)

(दृश्य: तलावाकाठचा रस्ता. दोन्ही बाजूंना भातखाचरं.)

तलावाभोवतीचा रिंगरोड मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी अशी गावं जोडत पुन्हा शेंडीला येतो. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो, त्यामुळे वन खात्याच्या नाक्यावर पावती फाडावी लागते. गर्दीच्या दिवशी पोलीस वाहतूक एकेरी करतात. म्हणजे एखादा धबधबा मागे राहिला, की पूर्ण फेरी मारूनच पुन्हा भेटतो.

इथली वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. ऑगस्टच्या मध्यापर्यंत बहुतेक आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकलेली असते. काही खाचरं उरतात, तिथे बाया अजून गुडघाभर चिखलात वाकलेल्या दिसतात. अंगावर प्लास्टिकचा कागद, कोणाकडे अजून इरलं. रस्त्यावरून गाण्यांचा दणदणाट करत गाड्या जातात. बाया वर बघत नाहीत.

(दृश्य: घराचं अंगण. दारावर हाताने रंगवलेली पाटी: 'घरगुती जेवण व राहण्याची सोय'.)

यातल्याच एका घरात आमचा मुक्काम होता. पुढच्या पडवीला पत्रा आणि फरशी, मागे गोठा. पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्यात. घरातली माणसं त्या दिवसांत चुलीपाशी झोपतात. पहाटे चारला मावशी उठल्या, धारा झाल्या, मग चूल पेटली. पंचवीस माणसांचा नाश्ता, दुपारच्या जेवणाचं पीठ मळून ठेवलं, आणि मध्ये वेळ काढून खाचरात एक फेरी, कारण रात्रीच्या पावसाने बांध फुटला होता.

(दृश्य: तव्यावर नाचणीची भाकरी. हात. ठेचा वाटताना पाटा-वरवंटा.)

भाकरी कशी थापतात ते आम्ही सगळं चित्रित केलं, कारण ते बघत राहावं असंच होतं. नाचणीच्या पिठाला चिकटपणा कमी, म्हणून आधी उकळत्या पाण्यात उकड काढायची. ती गरम असतानाच तळहाताच्या मागच्या मांसल भागाने रगडायची. परातीत थापताना बोटं कडेकडेने फिरतात, मध्ये दाब नाही. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात. पाणी सुकत आलं की उलटायची, आणि शेवटी निखाऱ्यावर उभी धरायची. सोबत भात, घरच्याच शेतातला काळभात. हे वाण या तालुक्याचं. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशी देशी वाणं जपली आणि त्यांना पद्मश्री मिळाली, हे पाहुण्यांपैकी कोणालातरी माहीत असावं अशी अपेक्षा होती. पाहुण्यांना पनीर आहे का ते विचारायचं होतं.

मोठ्या हॉटेलात जायला हरकत नाही. तलावाकाठी चांगली आहेत, पर्यटन महामंडळाचं निवासही आहे. पण अंगणातल्या या पाटीखाली गाडी थांबली, तर पैसे संध्याकाळी याच घराच्या डब्यात पडतात, आणि बियाण्याच्या, शाळेच्या वेळी तोच डबा उघडतो.

(दृश्य: रतनवाडी. अमृतेश्वर मंदिर, ओलं शिल्पकाम जवळून. पुष्करणी काठोकाठ.)

रतनवाडीला पाऊस जरा उघडला. अमृतेश्वराचं मंदिर ओलं असतानाच बघावं, कोरीव काम उठून दिसतं. शिलाहार राजा झंझ याने बारा नद्यांच्या उगमांशी बारा शिवालयं बांधली, त्यातलं हे प्रवरेचं, असं सांगतात. प्रवरा उगम पावते ती वरच्या रतनगडावर. गड दोन्ही दिवस धुक्यात होता, त्यामुळे त्याचं प्रसिद्ध नेढं, म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक, या व्हिडिओत नाही.

(दृश्य: रंधा धबधबा. दोन धारा, खाली फेस.)

शेंडीहून राजूरच्या वाटेवर रंधा. दीडशे फुटांहून जास्त खोल दरीत अख्खी प्रवरा उडी घेते. हाही धरणाच्याच हिशोबात. पावसाळ्याबाहेर पाणी वीजनिर्मितीकडे वळतं आणि इथे नुसता कातळ उरतो.

(दृश्य: रस्त्याकडेचा कचरा, बाटल्या. तीन-चार झटपट दृश्यं.)

रविवारी संध्याकाळी हे असं उरतं. बाटल्या खाचरात जातात, कोंडीत रुग्णवाहिका अडते, आणि पाण्यात उतरू नका असं सांगूनही काही जण उतरतात.

(दृश्य: ड्रोन. धरणाखालून प्रवरेचं पात्र, पुढे निळवंडे.)

इथून सुटलेलं पाणी खालच्या निळवंडे धरणात जातं. तिथून ओझर बंधाऱ्याशी आलं, की डावा आणि उजवा कालवा ते संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या रानात नेतात. तिथला ऊस या पाण्यावर उभा राहिला. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात प्रवरानगरला झाली, तीही याच नदीच्या खोऱ्यात. कालव्यांत न वळलेलं पाणी टोक्याजवळ गोदावरीला मिळतं आणि जायकवाडीकडे जातं.

धरणाच्या वरच्या अंगाची गावं या कालव्यांवर येत नाहीत. पाणी उताराने वाहतं, आणि ही गावं चढावर आहेत. डोंगराचा उतार सगळा पाऊस खाली घालवतो. उन्हाळ्यात इथल्या वाड्यांवर हंडे घेऊन चालावं लागतं, समोर तलाव दिसत असताना.

(दृश्य: अंगण. मावशी पायरीवर, मागे गोठ्याचा आवाज. मुलाखत, निवेदन बंद.)

मे महिन्यात पाणी कुठून आणता, असं आम्ही त्यांना विचारलं. त्या काय म्हणाल्या, ते आता त्यांच्याच तोंडून.