मी मारलो

नमस्कार श्रोतेहो.

25 मार्च 1992. लोह्याच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात टीव्हीपुढं आम्ही दाटीवाटीनं उभे होतो. मेलबर्नला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता, पाकिस्तान विरुद्ध इंग्लंड. वसीम अक्रमनं अॅलन लॅम्बचा त्रिफळा उडवला आणि लगेच पुढच्या चेंडूवर नव्यानं आलेल्या फलंदाजाचीही दांडी गुल केली. काय गलका झाला म्हणता! त्या भोपळा घेऊन परतणाऱ्या फलंदाजाकडं कुणी नीट पाहिलंसुद्धा नाही. त्याचं नाव ख्रिस लुईस.

पुढच्याच वर्षी चेन्नईत त्यानं आपल्याविरुद्ध 117 धावा केल्या. कसोटीतलं त्याचं एकुलतं एक शतक. इंग्लंडसाठी 32 कसोट्या आणि 53 एकदिवसीय सामने खेळलेला हा अष्टपैलू खेळाडू. चाळिशीत, 2008 साली, तो सरे संघाकडून पुन्हा मैदानात उतरला, पण दुखापतीनं घरी बसवलं. त्याच वर्षी डिसेंबरात लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर त्याला पकडलं. क्रिकेटच्या बॅगेत फळांच्या रसाचे डबे होते आणि डब्यांत होतं पातळ केलेलं कोकेन, तीन किलोहून जास्त. मे 2009 मध्ये 13 वर्षांची शिक्षा झाली.

न्यायालयात तो म्हणाला होता, डब्यांत रसच आहे असं मला वाटलं. सहा वर्षांवर तुरुंगात काढून जून 2015 मध्ये तो बाहेर आला आणि चुकीचं वागलो म्हणून त्यानं जाहीर माफी मागितली. पुढं काय होणार या भीतीनं डोकं फिरलं, असं त्यानं सांगितलं. 2017 साली त्याचं आत्मचरित्र आलं. तिथल्या व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेतर्फे तो नव्या पोरांसमोर उभा राहून हेच बोलला. ‘मला माहीत नव्हतं’पासून ‘चुकलो’पर्यंतचा हा रस्ता मला त्याच्या शतकाहून मोठा वाटतो.

तुम्ही म्हणाल, कुठला ख्रिस लुईस आणि कुठलं आमचं लोहा-कंधार! सांगतो.

मी जन्मभर शाळेत खेळ शिकवला. माझ्या हाताखालचा एक पोरगा बक्षिसाला नुसत्या रेवड्या मिळतात त्या कुस्तीपासून चढत चढत माळेगावच्या जत्रेत मानाच्या जोडीपर्यंत पोचला. त्याचं नाव सांगत नाही. मोडलेले कान, डोक्यावर फेटा, मागं हलगी. गावानं वर्गणी काढून दूध-बदाम पुरवले. मग गुडघा गेला. वर्गणी थांबली. मला एकदा म्हणाला, ‘‘सर, कुस्ती सुटली, पण खुराक सुटंना.’’ तेव्हा मी नुसती मान हलवली. ती मान हलवणं मला आजही टोचतं.

अशा देहाला गिऱ्हाईक लगेच मिळतं. एका खाजगी सावकारानं त्याला वसुलीला ठेवलं. आधी नुसतं दारात उभं राहायचं काम. मग एका दुपारी, एका शेतकऱ्याच्या अंगणात, त्यानं त्या माणसाचा हात मनगटापासून मोडला. जो डाव वस्तादानं मातीत शिकवला होता, तोच.

शिक्षा भोगून आला तेव्हा माझ्याकडं आला. विचारलं, तर म्हणाला, ‘‘झालं ते झालं, सर.’’ मी त्याला दोनशे पानी वही दिली. म्हटलं, बोलू नको, लिही. ख्रिस लुईसची गोष्टही त्याला तेव्हाच सांगितली. सामना त्यानं पाहिलेला नव्हता, पण डब्यांचं ऐकून तो बराच वेळ गप्प राहिला.

तीन महिन्यांनी वही घेऊन आला. पहिल्या पानावर खाडाखोड होती. वरची ओळ, ‘भांडण झालं.’ खोडलेली. खाली, ‘माझ्या हातून चूक घडली.’ तीही खोडलेली, पेन इतकं दाबून की कागद फाटला होता. आपल्या मराठीत ही सोय फार आहे बघा. झालं, घडलं, होऊन गेलं. करणारा कुठं दिसतच नाही. त्याखाली तिसरी ओळ होती, ‘मी त्याला मारलो, त्येच्या लेकरासमोर.’

मास्तर म्हणून माझा हात खिशातल्या लाल पेनाकडं गेला. पुस्तकात ‘मी मारलं’ असतं. आपल्या नांदेड भागात मात्र ‘मी मारलो’ म्हणतात. क्रियापद थेट मारणाऱ्याला जाऊन चिकटतं.

पेन मी खिशातच ठेवला. म्हटलं, ‘‘पुढं वाच.’’

त्यानं वही डोळ्यांजवळ नेली आणि वाचलं, ‘लेकराच्या पाठीवर दप्तर होतं. शाळेतून आत्ताच आलतं.’