अण्णांचा पंप

(दृश्य: सकाळ. खोलीतील खाट, खिडकीतून येणारे ऊन.)

खाटेच्या कडेला दोन्ही हात टेकवून, खांदे वर उचलून आणि ओठांचा चंबू करून अण्णा बसले आहेत. आंघोळ करून शर्टाची बटणे लावली की त्यांना दोन-तीन मिनिटे असे बसावे लागते. ओठ आवळून श्वास हळूहळू सोडायला त्यांना कोणी शिकवले नव्हते. दम लागू लागला तसे ते आपोआप जमले. फुप्फुसांतील बारीक श्वासनलिका आकसलेल्या असल्या की श्वास सोडताना त्या मिटतात आणि आतली हवा आतच कोंडते. ओठ आवळल्याने बाहेर पडणाऱ्या हवेचा दाब थोडा टिकतो, नलिका आणखी काही क्षण उघड्या राहतात आणि पुढच्या श्वासाला जागा होते. छातीचे डॉक्टर रुग्णांना हीच युक्ती अगदी सुरुवातीला शिकवतात.

(दृश्य: यंत्रमाग कारखाना. ट्यूबलाइटवर, तारांवर, कामगाराच्या भुवयांवर साचलेली कापसाची लव.)

अण्णा 63 वर्षांचे आहेत. त्यांतली 36 वर्षे त्यांनी सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर टॉवेल विणले. पडद्यावर दिसतो आहे तो कारखाना त्यांचा नव्हे. त्यांच्या जुन्या मालकांनी चित्रीकरणाला परवानगी दिली नाही. दुसऱ्या एका मालकांनी मात्र माग चालू असताना आत येऊ दिले. सोलापुरात 1877 मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे एकेक करून गिरण्या बंद पडल्या, पण तोवर माग गल्लीबोळांत शिरले होते आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घराघरांतून त्यांचा खडखडाट ऐकू येत होता. अण्णा त्याच समाजातले आहेत.

टॉवेलाच्या मागाकडे थोडे निरखून पाहावे. साध्या कापडाला एक ताणा, म्हणजे मागावर लांबीने लावलेली सुते, पुरतो, टॉवेलाला दोन लागतात. एक ताठ ओढलेला असतो आणि दुसरा सैल सोडलेला असतो. धोटा बाण्याचे आडवे सूत टाकून गेला आणि फणीने ते पुढे ठोकले की सैल ताण्याच्या सुताचे फासे कापडावर उभे राहतात. टॉवेल पाणी टिपतो तो या फाशांमुळे. सूत असे ओढले आणि ठोकले जात असताना त्यातून बारीक लव सुटते, आणि ती खिडकीच्या उजेडात कॅमेऱ्याने जशी पकडली आहे तशी साध्या डोळ्यांना एरवी दिसत नाही. कापसाच्या धुळीने होणाऱ्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामावर परतले की पहिल्या दिवशी छाती आवळून येते आणि पुढच्या दिवसांत हळूहळू मोकळी होते, ही त्याची जुनी खूण आहे. सर्वांत जास्त धूळ पिंजणे आणि कातणे या खात्यांत असते, मागावर त्या मानाने कमी. पण माग जर बारा तास चालत असेल आणि खोलीला एकच खिडकी असेल, तर या कमीपणाचा फारसा उपयोग होत नाही.

(दृश्य: अण्णांच्या पत्नी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत आहेत. बोटे जवळून.)

भिजवून मऊ केलेले तेंदूचे पान कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचे, दोरा बांधायचा. मावशींची बोटे हे सारे न पाहता करतात. कारखान्यात माल तपासताना ज्या बिड्या बाजूला पडतात त्यांना छाट म्हणतात, आणि अण्णांनी आयुष्यभर ओढली ती ही छाट. त्यांच्या फुप्फुसांच्या दुखण्यात धुळीचा वाटा किती आणि बिडीचा किती, हे वेगळे काढून सांगणारी तपासणी नाही. चार वर्षांपूर्वी त्यांनी बिडी सोडली. फुप्फुसांची घसरण मंदावणारा याहून परिणामकारक उपाय वैद्यकशास्त्राकडे नाही, आणि तो कोणत्याही वयात केला तरी चालतो.

आजाराचे नाव कळायला अण्णांना सात वर्षे लागली. आधी गल्लीतील दवाखान्यात सुई घेतली, मग दमाच्या गोळ्या सुरू झाल्या. क्षयाच्या संशयावरून थुंकी तपासली, पण तीत काही निघाले नाही. कोजागरीच्या रात्री चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दिले जाणारे औषध त्यांनी घेतले आणि मृग नक्षत्राच्या सुमारास हैदराबादला जाऊन, तोंडात औषधाची गोळी भरलेला जिवंत मासाही दोनदा गिळला. पूर्व भागातील तेलुगू घरांत या माशाबद्दल कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. त्याने श्वासाचा विकार बरा होतो असा शास्त्रीय पुरावा नाही. अण्णांना विचारले तर ते एवढेच म्हणतात, "रांगेत उभं राहायला जमत होतं, तोवर गेलो."

(दृश्य: सरकारी रुग्णालय. नळीत जोराने फुंकणारे अण्णा, यंत्राच्या पडद्यावर उमटणारी रेघ.)

फुप्फुसांची ताकद मोजणाऱ्या या तपासणीला सगळे पीएफटी म्हणतात. छाती भरून हवा घ्यायची आणि पूर्ण जोर लावून ती नळीत रिकामी करायची. एकूण बाहेर आलेल्या हवेपैकी किती हवा पहिल्या एका सेकंदात आली, हे यंत्र मोजते. श्वासनलिका रुंद करणारे औषध दिल्यानंतरही हे प्रमाण 70 टक्क्यांच्या खाली राहिले, तर सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा आजार, आहे असे डॉक्टर मानतात. बोलताना आपण सगळ्यालाच दमा म्हणतो. दम्यात आकसलेल्या नलिका औषधाने बऱ्याच अंशी पूर्ववत होतात. सीओपीडीत त्या तशा होत नाहीत. म्हणूनच एक्स-रे काढून समाधान मानणाऱ्या रुग्णाने ही फुंकण्याची तपासणी करून घेतली पाहिजे, असे आम्हाला आग्रहाने सांगायचे आहे.

(दृश्य: पंप हातात घेतलेले अण्णा. तोंडाच्या कोपऱ्यातून सुटणारी पांढरी वाफ, अगदी जवळून.)

हे दृश्य चित्रफितीत दोनदा ठेवले आहे, कारण पहिल्यांदा पाहताना त्यात काही चुकते आहे हे आम्हालाही कळले नव्हते. अण्णांजवळ तीन वर्षांपासून पंप, म्हणजे श्वासाबरोबर औषध ओढण्याचा इनहेलर, होता. ते तो दाबत आणि मग श्वास घेत; तोवर औषध जिभेवर आणि टाळूला बसलेले असे, उरलेले ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर पडे. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचे औषध, असे त्यांना अनेकांनी सांगितले होते, आणि त्यांच्या हातातला पंप काहीच करत नसल्याने ते त्यांना खरेही वाटत होते. प्रत्यक्षात साल्ब्युटामॉल या श्वासनलिका रुंद करणाऱ्या औषधाच्या पंपाच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम औषध असते आणि त्याच औषधाच्या एका गोळीत 4 मिलिग्रॅम, म्हणजे चाळीस पट. गोळीतले औषध सगळ्या अंगात फिरते, हात थरथरतात, छातीत धडधडते. पंपातले औषध, नीट घेतले तर, थेट नलिकांपर्यंत पोहोचते.

नीट घेणे कसे ते फिजिओथेरपिस्ट बाई दाखवत आहेत. "अण्णा, आधी सगळा श्वास सोडा. आता तोंडात धरा. दाबा आणि हळू ओढा, घाई नको. थांबा, सोडू नका, मनात दहा मोजा." कॅप्सूल फोडून भुकटी ओढण्याचे जे उपकरण असते त्यात याच्या उलट, जोराने आणि झटक्यात ओढावे लागते. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत ते हमखास गोंधळतात. काही जण तर कॅप्सूल पाण्याबरोबर गिळून टाकतात. पंपात स्टेरॉइड असेल तर शेवटी चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

(दृश्य: प्लास्टिकची बाटली, मेणबत्ती, तापवलेली तार.)

दाबणे आणि ओढणे एका वेळी जमत नसेल तर पंप आणि तोंड यांच्यामध्ये स्पेसर, म्हणजे औषध क्षणभर साठवणारे पोकळ नळकांडे, लावतात. अण्णांचा स्पेसर त्यांच्या नातवाने केला आहे. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली घ्यायची, पंपाच्या तोंडाच्या आकाराची तार वाकवून तापवायची आणि ती बाटलीच्या तळाला टेकवून भोक पाडायचे. पंप त्यात घट्ट बसला पाहिजे. बाटली साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता तशीच वाळवायची. पुसली तर प्लास्टिकवर स्थिर विद्युत तयार होते आणि औषध आतल्या बाजूला चिकटून बसते. केपटाऊनच्या डॉक्टरांनी दम्याच्या मुलांवर अशी बाटली वापरून पाहिली आणि ती विकतच्या स्पेसरच्या तोडीची असल्याचे 1999 मध्ये प्रसिद्ध केले. नातवाच्या पहिल्या बाटलीचे भोक मोठे झाले, दुसरी वितळली. तिसरी तुम्ही पाहत आहात.

(दृश्य: रुग्णालयातील 30 मीटरचा व्हरांडा. दोन टोकांना दोन खुर्च्या.)

सहा मिनिटांत माणूस किती अंतर चालतो, ते येथे मोजतात. पहिल्या दिवशी अण्णा 240 मीटर चालले आणि तीनदा थांबले. पुढे आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, खुर्चीतून उठणे-बसणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे आणि दम लागेपर्यंत चालणे, असा व्यायाम झाला. या व्यायामाने फुप्फुसे सुधारत नाहीत. पायांचे स्नायू सुधारतात आणि तेवढ्याच कामाला त्यांना कमी प्राणवायू लागतो. या आजारात माणूस दमाच्या भीतीने बसून राहतो, बसून राहिल्याने पाय गळतात आणि गळलेल्या पायांमुळे दम आणखी लवकर लागतो. आमच्या मते औषधाच्या चिठ्ठीवर पंपाच्या खाली हा व्यायाम लिहिलेला असला पाहिजे, आणि तो क्वचितच लिहिलेला असतो.

(दृश्य: शेजारचे घर. भिंतीलगत घरघरणारे प्राणवायूचे यंत्र, त्याची लांब नळी.)

या आजींनी आयुष्यभर चुलीवर स्वयंपाक केला; चुलीच्या धुरानेही हाच आजार होतो. रक्तातील प्राणवायू कायमच फार कमी राहू लागला तर तो दिवसाचे किमान 15 तास घ्यावा लागतो, आणि तसा घेतल्याने आयुष्य वाढते हे 1980 च्या सुमारास झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांतून दिसले आहे. साडेतीनशे वॉटचे यंत्र पंधरा तास चालले की महिन्याला दीडशेच्या वर युनिट होतात. वीज गेली की घरातले सगळे आधी या यंत्राकडे पाहतात.

कामामुळे होणाऱ्या आजारांच्या भरपाईचा 1923 चा कायदा 2025 पर्यंत लागू होता; त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कापसाच्या धुळीचा विकार, बिसिनोसिस, होता, पण अण्णांकडे 36 वर्षांच्या कामाचा एकही कागद नाही.

(दृश्य: नारळी पौर्णिमा. पद्मशाली समाजाच्या मार्कंडेय रथोत्सवाची गर्दी.)

आठ आठवड्यांनंतरच्या मोजणीत अण्णा 295 मीटर चालले आणि एकदाच थांबले. रथोत्सवाच्या दिवशी ते घरापासून चौकापर्यंत पायी आले. वाटेत एका दुकानाच्या पायरीवर टेकले, पिशवीतून बाटली काढली, पंप बसवला, हळू ओढला आणि मनात दहा मोजले. रथ अजून आला नव्हता.