काय कंपाइल करावे आणि काय करू नये

(जळगाव येथे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, इमॅक्स हा मजकूर आणि प्रोग्राम लिहिण्याचा एडिटर वापरू लागलेल्या मुलांच्या प्रश्नांत मला एक घोळ वारंवार दिसतो. जे काम सेटिंगच्या दोन ओळींत होते त्यासाठी ती सोर्स, म्हणजे एडिटरचा मूळ कोड, उतरवून कंपाइल करायला, म्हणजे त्यापासून चालता प्रोग्राम बनवायला, बसतात, आणि ज्यासाठी खरोखरच कंपाइल करावे लागते त्यासाठी तासन्‌तास सेटिंगची फाइल चाळत राहतात. आज मी या दोहोंमधल्या सीमारेषेपुरतेच बोलणार आहे.

ही सीमारेषा एडिटरच्या रचनेतच आहे. इमॅक्सचा पहिला अवतार १९७६ साली एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत, टेको या एडिटरवरील मॅक्रोंच्या रूपात आला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ मध्ये जीएनयू इमॅक्स नव्याने लिहायला घेतला, तेव्हा पडद्यावर अक्षरे काढणे, मेमरी सांभाळणे, उघडलेला मजकूर धरून ठेवणारे बफर आणि लिस्प ही भाषा वाचून थेट चालवणारा इंटरप्रिटर एवढा गाभा सी भाषेत ठेवून बाकीचा बहुतेक एडिटर लिस्पमध्ये उभा केला. लिस्पमधले फंक्शन एडिटर चालू असतानाच बदलता येते: नवी व्याख्या लिहावी, तिच्या शेवटी कर्सर ठेवून कंट्रोल-एक्स कंट्रोल-ई दाबावे, आणि त्याच क्षणापासून एडिटर तसा वागू लागतो. सी भाषेतला गाभा मात्र कंपाइल होतानाच ठरतो.

समजा, एखादी विद्यार्थिनी साक्री भागातल्या आजीबाईंकडून ऐकलेल्या अहिराणी ओव्या टाइप करते आहे. स्पेलचेकर प्रमाण मराठीचा असल्यामुळे ‘मना’, ‘तुना’, ‘शे’ अशा शब्दांखाली तो रेघा ओढत राहतो. तिने शब्दावर येऊन मेटा-डॉलर (मेटा म्हणजे बहुतेक कीबोर्डांवरची ऑल्ट कळ) दाबावे आणि मग आय दाबावे, की तो शब्द तिच्या वैयक्तिक शब्दकोशात जातो. हा कोश फक्त ओव्यांच्या फोल्डरपुरता लागू व्हावा असे वाटत असेल, तर त्या फोल्डरच्या स्थानिक व्हेरिएबलांच्या फाइलमध्ये तशी एक ओळ लिहावी. इथे कंपायलरचा संबंधच येत नाही.

आता त्याच ओव्या पडद्यावर नीट दिसत नाहीत असे धरा. इथे घाई न करता आधी नेमके काय बिघडले आहे ते पाहावे. अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असतील, तर देवनागरीचा फॉन्ट नाही किंवा चुकीचा निवडला गेला आहे. फॉन्ट बसवावा आणि फॉन्टसेटमध्ये, म्हणजे कोणत्या लिपीला कोणता फॉन्ट हे ठरवणाऱ्या यादीत, देवनागरीसाठी त्याचे नाव सांगावे, म्हणजे काम लिस्पमध्येच भागते. अक्षरे आहेत पण मात्रा आणि जोडाक्षरे विस्कटलेली आहेत, तर टर्मिनलमध्ये काम चालू आहे का ते बघा. टर्मिनलमध्ये अक्षरांची जुळणी टर्मिनलच करते, त्यामुळे इमॅक्स कितीही वेळा कंपाइल केला तरी फरक पडणार नाही. इमॅक्सच्या स्वतःच्या ग्राफिकल खिडकीतही अक्षरे तशीच विस्कटत असतील, तरच बिल्डवर, म्हणजे कंपाइल होऊन तयार झालेल्या प्रोग्रामवर, संशय घ्यावा. कंट्रोल-एच व्ही दाबून ‘सिस्टिम-कन्फिगरेशन-फीचर्स’ हे व्हेरिएबल वाचले, की बिल्डमध्ये काय काय आहे ते कळते. त्या यादीत अक्षरांची जुळणी करणारी हार्फबझ ही लायब्ररी नसेल, तर तुमचा प्रश्न खरोखर कंपाइल करण्याचा आहे. २०२० च्या सत्ताविसाव्या आवृत्तीपासून इमॅक्स या लायब्ररीचा आधार घेतो.

नवी आवृत्ती घेण्याचे आणखी एक कारण मराठी माणसाला लगेच पटेल. ‘स्त्री’ या शब्दात युनिकोडची सहा चिन्हे आहेत. बॅकस्पेस त्यांतले एकेकच खोडतो, आणि टाइप करताना तेच सोयीचे असते. डिलीटची कळ मात्र एकोणतिसाव्या आवृत्तीपासून जुळलेले अख्खे अक्षर एकदम काढते.

प्रत्यक्ष कंपाइल करण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. लागणाऱ्या लायब्ररींच्या विकासासाठीच्या आवृत्त्या आधी बसवाव्यात. गिटमधून, म्हणजे सोर्समधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साठ्यातून, सोर्स घेतला असेल तर आधी कन्फिगर तयार करणारे ऑटोजेन, मग संगणकावर काय आहे ते तपासणारे कन्फिगर, मग प्रत्यक्ष कंपाइल करणारे मेक. महाविद्यालयाच्या लॅबमध्ये ॲडमिनचा पासवर्ड मिळत नाही. तिथे कन्फिगरला प्रीफिक्स (एडिटर कुठे बसवायचा ती जागा) म्हणून स्वतःच्या होम फोल्डरमधली जागा द्यावी. कन्फिगर संपल्यावर छापला जाणारा गोषवारा मात्र सावकाश वाचावा, कारण काही लायब्ररी सापडल्या नाहीत तर कन्फिगर थांबून तक्रार करतो, पण काहींच्या बाबतीत नुसता ‘नो’ छापून पुढे जातो, आणि ती उणीव मेक यशस्वी झाल्यानंतरच लक्षात येते. मेकला सगळे कोअर लावणार असाल तर मे महिन्यातल्या खान्देशच्या दुपारी लावू नका, लॅपटॉप आधीच तापलेला असतो.

मेक चालू असताना होते ते पाहण्यासारखे आहे. प्रथम टेमॅक्स नावाचा उघडावाघडा प्रोग्राम तयार होतो, ज्यात फक्त सीचा गाभा असतो. तो लिस्पच्या मूळ फाइली वाचतो, आणि लिस्पला वेगाने चालणाऱ्या रूपात बदलणारा बाइट-कंपायलर स्वतःही लिस्पमध्येच लिहिलेला असल्यामुळे सुरुवातीला तो इंटरप्रिटरवर रखडत चालतो आणि आधी स्वतःलाच कंपाइल करून घेतो. म्हणून गिटमधून केलेली पहिली बिल्ड इतकी संथ वाटते. शेवटी भरलेल्या मेमरीची प्रत एका फाइलमध्ये उतरवली जाते, आणि रोज एडिटर उघडताना तीच फाइल वाचली जात असल्यामुळे तो झटकन उघडतो. अठ्ठाविसाव्या आवृत्तीपासून लिस्पचे थेट मशीन कोडमध्ये रूपांतर करण्याचीही सोय आहे. त्यासाठी लिबजीसीसीजिट ही लायब्ररी लागते आणि तिची आवृत्ती आपल्या जीसीसी या सी कंपायलरशी जुळावी लागते. माझ्या मते मोठमोठी पॅकेजेस वापरणाऱ्याने ही सोय जरूर घ्यावी. साध्या लेखनासाठी तिच्यावाचून अडत नाही.

नवी बिल्ड विचित्र वागू लागली, तर तिला दोष देण्याआधी कॅपिटल क्यूचा पर्याय देऊन इमॅक्स सुरू करावा. त्यात तुमची सेटिंगची फाइल वाचली जात नाही. तक्रार तिथे नाहीशी झाली, तर दोष बहुधा तुमच्याच लिस्पमध्ये आहे.

आणि बिल्ड झाल्यावर सोर्सचा फोल्डर पुसू नका. कंट्रोल-एच एफ दाबून एखाद्या फंक्शनची माहिती काढली, की त्यातल्या दुव्यावरून त्याच्या व्याख्येपाशी जाता येते. सोर्स जागेवर असेल तर हे सीमधल्या फंक्शनांनाही लागू पडते: साधे अक्षर उमटवणारी ‘सेल्फ-इन्सर्ट-कमांड’ विचारून पाहा, ‘सीएमडीएस’ नावाची सी फाइल त्याच एडिटरमध्ये नेमक्या ओळीवर उघडेल.