पोटातल्या सेरोटोनिनचा कारभार

नमस्कार, श्रोतेहो.

सेरोटोनिन हे नाव हल्ली बऱ्याच जणांच्या तोंडी असतं, आणि त्याच्यामागे ‘आनंदाचं रसायन’ ही पदवीही लागलेली असते. मला ही पदवी दिशाभूल करणारी वाटते. आपल्या शरीरातलं ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात असतं, आणि ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. मग पोटात बसून ते करतं काय?

त्याचा शोधसुद्धा आधी पोटातच लागला. १९३०च्या दशकात इटलीत व्हित्तोरिओ एर्स्पामर यांना आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशींमध्ये स्नायू आकसवणारा एक पदार्थ सापडला. त्याला त्यांनी एंटेरामाइन म्हटलं. १९४८ मध्ये अमेरिकेत रक्तातून सेरोटोनिन वेगळं काढलं गेलं, आणि १९५२ मध्ये कळलं की ही दोन्ही नावं एकाच पदार्थाची. मेंदूत ते असतं हे बेट्टी ट्वॅरॉग या संशोधिकेने दाखवलं, तेही त्यानंतरच.

आता आतड्याच्या भिंतीकडे वळू. या भिंतीत चेतापेशींची दोन जाळी पसरलेली आहेत. त्यांत मिळून १० कोटींहून अधिक चेतापेशी आहेत, आणि त्या मेंदूच्या हुकमाची वाट पाहत नाहीत. बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८९९ मध्ये बाहेरून येणाऱ्या नसा तोडूनही आतड्याचं काम चालू राहतं, हे दाखवलं होतं. घास जिथे असेल त्याच्या मागचा भाग आवळतो, पुढचा सैल पडतो, आणि घास पुढे सरकतो.

अन्नाचा दाब अस्तरावर पडला की तिथल्या पेशी सेरोटोनिन सोडतात. पुढे काय होणार, हे मात्र सेरोटोनिन ठरवत नाही. ते ठरतं रिसेप्टरवर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या, हा संदेश पकडणाऱ्या प्रथिनांवर. कारखान्याचा भोंगा एकच वाजतो. कुणाची पाळी सुरू होते, कुणाची संपते. तसंच हे. सेरोटोनिनच्या रिसेप्टरांची सात कुळं आहेत. १९५७ मध्ये गॅडम आणि पिकारेली या शास्त्रज्ञांनी गिनिपिगच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं की निदान दोन वेगळे प्रकार असलेच पाहिजेत: एक स्नायूवरचा, दुसरा चेतापेशीवरचा.

त्यांतला चेतापेशीवरचा प्रकार आज फाइव्ह-एचटी-थ्री म्हणून ओळखला जातो; फाइव्ह-एचटी हे सेरोटोनिनचंच रासायनिक नाव, थोडक्यात. बाकीची कुळं पेशीच्या आत संदेशांची साखळी सुरू करतात. हा मात्र स्वतःच एक दार आहे. सेरोटोनिन चिकटलं की दार उघडतं, आयन म्हणजे विद्युतभारित कण आत जातात आणि चेतापेशी क्षणात पेटते. पोटाकडून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नसेवरही हे रिसेप्टर असतात. कर्करोगावरचं सिस्प्लॅटिनसारखं औषध दिलं की अस्तरातल्या पेशी भरमसाट सेरोटोनिन सोडतात, व्हेगसमार्फत बातमी मेंदूला पोचते आणि रुग्णाला अनावर उलट्या होतात. उलट्यांवरचं ऑन्डॅनसेट्रॉन हे औषध ते दारच अडवून ठेवतं. केमोथेरपी त्यामुळे कितीतरी सुसह्य झाली. त्या गोळीने बद्धकोष्ठ का होतं, हेही यातच आलं: जाळ्यातली चेतना जागवणारा एक मार्गच बंद झालेला असतो.

फाइव्ह-एचटी-फोर हा दुसरा रिसेप्टर जरा मवाळ प्रकृतीचा. तो चेतापेशींच्या टोकाशी बसून असेटिलकोलिनचा, म्हणजे स्नायूंना आकसायला सांगणाऱ्या रसायनाचा, स्राव वाढवतो, म्हणजे आतड्याच्या हालचालीला जोर देतो. हट्टी बद्धकोष्ठावरचं प्रुकॅलोप्राइड हे औषध याच रिसेप्टरला चेतवतं. त्याच्या आधीचं सिसाप्राइडही हेच करायचं. पण ते हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकत होतं, म्हणून २००० साली अमेरिकेच्या बाजारातून त्याला काढावं लागलं. दोष रिसेप्टरचा नव्हता. औषध भलत्याच ठिकाणी, हृदयातल्या पोटॅशियमच्या मार्गावरही, जाऊन बसत होतं.

यात एक गंमत आहे. आतड्यातलं बहुतेक सेरोटोनिन अस्तर बनवतं, चेतापेशी अगदी थोडं. पण अस्तराचं सेरोटोनिन बंद केलेल्या उंदरांमध्ये अन्नाचा प्रवास जवळजवळ नेहमीसारखाच चालला. चेतापेशींचं बंद केल्यावर मात्र तो मंदावला. आतडं एकाच आधारावर उभं नाही, आणि ढीग कुठे आहे यावरून महत्त्व मोजता येत नाही, एवढं त्यातून दिसतं.

आता अनेकांना पडणारा प्रश्न. नैराश्यावरच्या गोळ्या सुरू केल्या की पहिल्या दिवसांत मळमळतं ते का? या गोळ्या सोडलेलं सेरोटोनिन परत उचलून घेणारी यंत्रणा अडवतात, आणि ती यंत्रणा आतड्याच्या अस्तरातही असते. तिथे सेरोटोनिन साचून राहतं, वर सांगितलेले रिसेप्टर जास्त वेळ चेतत राहतात. बहुतेकांची ही मळमळ काही आठवड्यांत ओसरते. नाहीच ओसरली, तर गोळी मनाने बंद करू नका. मात्रा कमी करायची की औषध बदलायचं, हे डॉक्टरांना विचारा.

नमस्कार.