बेसवरचा पहिला मेजर स्केल

मित्रहो, आपल्यापैकी बरेच जण हार्मोनियमवर सरगम गिरवून मग बेस गिटारकडे वळलेले आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. मेजर स्केलचे स्वर म्हणजे भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी बिलावलचे, सगळे शुद्ध. तेव्हा कानाला तो ठाऊकच आहे, अडते ते हातापाशी.

चार तारांचा बेस जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी असा लावतात. प्रत्येक तार आधीच्या तारेचा शुद्ध मध्यम असते, म्हणजे तिच्याहून पाच अर्धस्वर वर. नेहमीच्या गिटारवर जी आणि बी या तारांत चारच अर्धस्वरांचे अंतर असल्याने बोटांची ठेवण तिथे बिघडते. बेसवर तो घोळ नाही.

ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावर (फ्रेटवर), म्हणजे हार्मोनियमच्या पांढरी पाचवर, मधल्या बोटाने षड्ज धरावा आणि त्याच तारेच्या पाचव्या पडद्यावर करंगळीने ऋषभ. पुढे नवखा वादक गंधारासाठी सातव्या पडद्याकडे धावतो. गंधार तिथे आहेही, परंतु तोच स्वर ए तारेच्या दुसऱ्या पडद्यावर, हात न हलवता, तर्जनीखाली मिळतो. त्यापुढे ए तारेवर तिसऱ्या पडद्यावर मधल्या बोटाने मध्यम, पाचव्यावर करंगळीने पंचम. डी तारेवर दुसऱ्यावर तर्जनीने धैवत, चौथ्यावर अनामिकेने निषाद आणि पाचव्यावर करंगळीने तार षड्ज. हार्मोनियमवर काळी एकचा षड्ज घेतला की बोटे नव्याने बसवावी लागतात. इथे हीच ठेवण सहा पडदे पुढे सरकवली की काम झाले.

मात्र तिसऱ्या पडद्यापासूनच शिकवण्याचा प्रघात मला पटत नाही. 34 इंच लांबीच्या तारांच्या बेसवर दुसऱ्या ते पाचव्या पडद्यापर्यंत पंजा सुमारे 12 सेंटिमीटर ताणावा लागतो आणि मनगट भरून येते. षड्ज आठव्या पडद्यावर, पांढरी एकवर, घेतला तर तोच ताण सुमारे 9 सेंटिमीटरांवर येतो. पहिले काही आठवडे तिथेच, मेट्रोनोम (ठेका देणारे यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून, प्रत्येक स्वराला दोन ठोके देत आणि तोंडाने सरगम म्हणत वाजवावे.

उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट आळीपाळीने चालवावे. आरोहात छेडणारे बोट शेजारच्या जाड तारेवर टेकते, त्यामुळे मागची तार आपोआप गप्प होते. अवरोहात ही सोय उरत नाही: धैवतावरून पंचमावर उतरताना डी तार घुमत राहते आणि दोन स्वरांचा गढूळ गलका ऐकू येतो. म्हणून धैवतावरची तर्जनी एकदम उचलू नये. दाब सोडावा, पण बोट तारेला हलकेच टेकलेले राहू द्यावे.