बारूखची दुसरी गुंडाळी

पूर्णवेळ सेवेत येण्याची इच्छा असलेले बरेच तरुण-तरुणी आज इथे बसले आहेत. पाचारण, म्हणजे देवाने सेवेसाठी बोलावणं, हा विषय निघाला की आम्ही उपदेशक हटकून मोशेच्या जळत्या झुडपाकडे नाहीतर यशयाच्या दर्शनाकडे वळतो. आज ते दोन्ही बाजूला ठेवूया. मला बोलायचं आहे बारूखबद्दल. नेरीयाचा मुलगा बारूख, यिर्मया संदेष्ट्याचा लेखनिक.

पवित्र शास्त्रातल्या यिर्मयाच्या पुस्तकाचा 36वा अध्याय उघडा. यिर्मयाला मंदिरात जायची मोकळीक नाही. देवाची वचनं तो तोंडाने सांगतो, बारूख ती शाईने गुंडाळीवर उतरवतो. पुढच्या वर्षी उपासाच्या दिवशी मंदिरात उभं राहून ती वाचतो तोही बारूखच. शेवटी गुंडाळी यहूदाच्या यहोयाकीम राजापुढे येते. नववा महिना, थंडीचे दिवस, राजा हिवाळी महालात शेगडीपाशी बसलेला. तीन-चार रकाने वाचून झाले की तेवढा तुकडा चाकूने कापायचा आणि शेगडीत टाकायचा, असं करत अख्खी गुंडाळी जळून जाते. लिहिणाऱ्याच्या बाजूने जरा विचार करा. किती दिवसांचे श्रम! वर दोघांना पकडण्याचा हुकूमही सुटलेला. अशा वेळी देव यिर्मयाला सांगतो, दुसरी गुंडाळी घे. आणि बारूख सगळं पहिल्यापासून लिहून काढतो. त्यात तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडते, हे शास्त्र आवर्जून नोंदवतं.

आता 45वा अध्याय. उणीपुरी पाच वचनं. बारूख म्हणतो, मी कण्हून कण्हून थकलो, मला विसावा मिळत नाही. देव त्याला विचारतो: तू स्वतःसाठी मोठाल्या गोष्टी शोधतोस काय? शोधू नकोस. जाशील तिथे तुझा जीव मात्र राखीन. हा अध्याय पुस्तकात फार पुढे येतो, पण त्यातलं साल नीट बघा. यहोयाकीमचं चौथं वर्ष, म्हणजे पहिली गुंडाळी लिहिली गेली तेच. गुंडाळी जळाली पाचव्या वर्षी. राजाने चाकू हातात घेण्याआधीच देवाने बारूखच्या मनातली मोठेपणाची आस त्याच्यापुढे उघडी करून ठेवली होती. दुसऱ्यांदा लिहायचं बळ त्याला तिथून मिळालं असावं, असं मला वाटतं.

आज हा प्रश्न आपल्या खिशातच आहे. वचन वाचता वाचता ‘याची रील छान होईल’ हा विचार मनात येतो. मनाने निर्मळ असलेल्या मुलांच्याही येतो. अंथरुणाला खिळलेल्या आजींना रविवारची उपासना मोबाइलवर मिळते, त्याबद्दल मी प्रभूचे उपकार मानतो. मला भीती वाटते ती आकड्यांची. किती जणांनी पाहिलं, किती जणांनी पुढे पाठवलं, यावरून आपलं पाचारण खरं की खोटं हे मुलं ठरवू लागली आहेत. त्या हिशेबाने बारूखच्या पदरी काय पडलं? मंदिरात लोकांनी ऐकलं खरं, पण राजाने ऐकलेलं जाळून टाकलं.

आपल्या महाराष्ट्रातच बघा ना. पंडिता रमाबाईंना 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. 1882 साली त्यांनी शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली. इंग्लंड-अमेरिका गाजवली. या बाई पन्नाशीच्या उंबरठ्यावर केडगावला हिब्रू आणि ग्रीकचे कोश घेऊन बसल्या. खेड्यातल्या बाईला वाचता येईल, समजेल अशा सोप्या मराठीत सबंध पवित्र शास्त्र आणायचं, एवढाच ध्यास. छापखाना त्यांच्याच मुक्ती मिशन या संस्थेचा, आणि कामाला तिथल्याच स्त्रिया. देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे अक्षर-ठसे, जुळवणं हे किती किचकट काम! काने, मात्रा, रफार, जोडाक्षरं, सगळ्यांची वेगळी घरं. अक्षर खिळ्यावर उलटं असतं, ते उलटंच वाचायचं, एकेक उचलून ओळ भरायची, प्रूफ काढायचं, चुकलेला खिळा उपसून दुसरा बसवायचा. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत. दुष्काळातून वाचलेल्या मुली, बालविधवा, घराने टाकलेल्या बाया अशांना आसरा देणाऱ्या त्या आवारात हे काम चाललं होतं. खिळे जुळवणाऱ्या त्या हातांची नावं आपल्यापैकी कुणाला सांगता येतील? रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी प्रभूकडे गेल्या. संपूर्ण शास्त्र छापून बाहेर आलं 1924 साली.

सेमिनरीचा, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयाचा, अर्ज भरायला निघालेल्यांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. आधी वर्षभर आपल्या मंडळीत असं काम मागून घ्या, की जे कुणी व्यासपीठावरून जाहीर करणार नाही. आपल्या कितीतरी जुन्या मंडळ्यांमध्ये बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, दफनाच्या नोंदवह्या कसरीने खाल्ल्या आहेत, शाई उडाली आहे. त्यात तुमच्या पणजीचं नाव असेल, आणि ज्यांचं आता मागे कुणीच नाही अशांचीही नावं असतील. ती वाचायची, जाणत्यांना विचारून पडताळायची आणि स्वच्छ अक्षरात नव्या वहीत उतरवायची. येत्या रविवारी उपासना सुटली की पाळकसाहेबांना गाठा आणि त्या वह्या कुठल्या कपाटात आहेत ते विचारा.